वेदीपुढचा दिवा: नांदेड-लातूरचा एक दुष्काळी फेरा

कॅथलिक चर्चमध्ये वेदीजवळ छतापासून तीन साखळ्यांवर एक दिवा टांगलेला असतो. खाली पितळेचं नक्षीदार कोंदण, त्यात लाल काचेचा पेला, पेल्यात तेल आणि तेलावर तरंगणारी वात. वेदीवर एक लहान कुलूपबंद पेटी असते. मिस्सेच्या, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेच्या वेळी पवित्र केलेल्या गव्हाच्या पातळ पांढऱ्या चकत्या तीत ठेवतात. त्या चकत्यांत ख्रिस्त प्रत्यक्ष हजर असतो, अशी या लोकांची श्रद्धा आहे. तो आत आहे हे सांगण्यासाठी बाहेर दिवा. आपल्या देवळातला नंदादीप देवासाठी असतो. हा दिवा माणसांसाठी असतो, देव घरी आहे की नाही हे त्यांना कळावं म्हणून. पेटी रिकामी केली की दिवा विझवायचा, असा नियम आहे.

असे जुने दिवे मी बरीच वर्षं जमवतो. मी ख्रिस्ती नाही. पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर काम करतो आणि रजा मिळाली की दिव्यांमागे फिरतो. लष्कर भागात एका बंगल्यातल्या सामानाच्या लिलावात पहिला दिवा मिळाला, तेव्हा ती कुंडी आहे असं समजून मी बोली लावली होती. पुढे वाचत गेलो, पाहत गेलो. आता साखळीच्या कड्या हातात घेतल्या तरी दिवा विलायतेतून आलेला की मुरादाबादेत ओतलेला, हे बहुधा सांगता येतं.

मराठवाड्यात असं काही सापडेल असं मला वाटलं नव्हतं. पण उन्हाळ्यात नांदेडच्या एका पितळ-व्यापाऱ्याचा निरोप आला, की एक चर्चचा दिवा आला आहे, आठवडाभर ठेवतो, मग भट्टीत जाईल. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. कार्यालयातल्या सहकाऱ्यानं विचारलं, "अशा दिवसांत तिकडे दिवे बघायला?" मी तिकीट काढलं होतं.

नांदेड

करीमभाईंचं दुकान जुन्या मोंढ्याच्या मागच्या गल्लीत होतं. दुकान कसलं, गोदामच. आत शिरायला जागा नव्हती. घागरी, हंडे, पराती, तांबे, समया, कळशा छतापर्यंत रचलेल्या. आमच्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालतात, तशी इथल्या प्रत्येक भांड्यावर नावं होती. 'चि. सौ. कां.' पासून सुरू होणारी, कुणाच्या मामानं दिलेली, कुणाच्या भावजयीनं दिलेली. मी वाचत उभा राहिलो.

"ही सगळी कुणाची?"

"लोगां की," करीमभाई म्हणाले. ते साठीचे, अंगानं सुटलेले, गळ्यात ओला टॉवेल टाकून बसलेले. "कंधार, मुखेड, देगलूर, सगळीकडून येऊन राहिलीत. जिथली विहीर आटली तिथली घागर आमच्याकडं. भरायला पानीच न्हाई तर घागर ठेवून काय करतेत, साब?"

"परत घ्यायला येतात का कुणी?"

"पाऊस पडला की येतेत. तवर वितळलेली असती." त्यांनी माणसाला हाक मारून चहा सांगितला, आणि मागाहून ओरडून "अर्धा, अर्धा!" अशी दुरुस्ती केली. पाणी चहालाही मोजूनच होतं.

दिवा त्यांनी पोत्यातून काढला. तो एका रेल्वे कॉलनीतल्या बंद पडलेल्या चर्चचा होता. साहेब लोक गेले, मग त्यांची मुलं गेली, मग छप्पर गेलं. काम चांगलं होतं. पत्रा आतून ठोकून काढलेली द्राक्षाची पानं, तीन बाजूंना पंख असलेल्या देवदूतांची तीन लहान तोंडं, साखळीची प्रत्येक कडी डाक देऊन बंद केलेली. विलायतीच. मी आत बोट घातलं. पेल्याची जागा मोकळी होती.

"काच?"

"फेकून दिली."

"कुठे?"

"कुठे म्हंजे?" ते हसले. "रेल्वेवाल्यानं पितळ दिलं, मी पितळ घेतलं. काच कोन घेतो? तुमी पुन्याचे लोक बी अजब. आंबा समोर ठेवला, तर कोय दाखवा म्हनतेत."

मूळची काच नसेल तर दिवा माझ्या कामाचा नसतो. हा लाल रंग काचेत मुरवताना सोनं वापरलं जाई. तसा पेला आता कुणी करत नाही; बाजारात मिळतो तो रंग फासलेला असतो आणि महिन्याभरात पिवळा पडतो. मी हे करीमभाईंना सांगितलं. सोन्याचा उल्लेख ऐकून त्यांनी टॉवेल बाजूला केला आणि उकिरडा कुठला ते रेल्वेवाल्याला विचारायला माणूस पाठवला. माणूस रिकाम्या हातानं परतला.

"काचेसकट पायजे तर एक हाय," ते शेवटी म्हणाले. "लातूरकडं. औशाच्या म्होरं, एका खेड्यात. तिथले फादर भाव विचारून गेले. मी पितळेचा सांगितला, तर नाराज झाले. तुमी जावा, तुमची जोडी जमंल."

मी निघताना त्यांच्या माणसानं दिवा उचलून परत पोत्यात टाकला. वर कुणाची तरी परात ठेवली.

संध्याकाळी विष्णुपुरीपर्यंत जाऊन आलो. तिथं धरणाचं काम चालू होतं. भिंत उभी राहत होती. खाली गोदावरीच्या पात्रात डबकी होती आणि त्यांच्याभोवती धुण्याचे दगड उघडे पडले होते. काठावर एक म्हातारा शेळीला पाणी पाजत होता. भिंतीकडे बोट करून तो म्हणाला, "भांडं तयार हाय. वाढनारा कुठं हाय बघा."

लातूर

नांदेडहून लातूरला जाणाऱ्या एसटीत निम्मे प्रवासी रिकामे कॅन घेऊन चढले. लातुरात ज्यांचे नातेवाईक आहेत आणि नातेवाइकांकडे नळ आहे, ते पाणी आणायला निघाले होते. कंडक्टर रिकाम्या कॅनचे पैसे घेत नव्हता. येताना भरलेल्या कॅनचं सामान-तिकीट घेतो, असं त्यानं सांगितलं. एका बाईनं त्याला सुनावलं, "पान्याला तिकीट लावतूस, मेल्या, उद्या घामाला बी लावशील." तो म्हणाला, "मावशी, घाम फुकट हाय, पायजे तेवढा न्या." गाडीत हशा झाला.  बाहेर पाहण्यासारखं एकच होतं: काळी जमीन, भेगा, आणि रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या माणसांच्या रांगा. बायकांनी उन्हासाठी डोक्यावर बाभळीच्या ओल्या फांद्या बांधल्या होत्या. सावलीला दुसरं हिरवं काही उरलेलं नव्हतं.

लातूर नवा जिल्हा होऊन फार वर्षं झाली नव्हती. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या. पाट्यांवर नवं नाव रंगवलं होतं आणि पातळ रंगाखाली जुन्या जिल्ह्याचं नाव दिसत होतं. मोंढ्यात डाळीच्या मिलचा पिवळा भुसा हवेत तरंगत होता. जिल्हा झाल्यामुळे प्लॉटचे भाव वाढले आहेत, हे रिक्षावाल्यापासून खानावळवाल्यापर्यंत प्रत्येकानं मला सांगितलं. डाळीच्या गावातल्या त्या खानावळीत वरण मात्र इतकं पातळ होतं, की ताटात ते भाताला सोडून काठाला गेलं. पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवत नव्हते. मागितलं की पोऱ्या एक पेला भरून देई आणि पिऊन होईपर्यंत समोर उभा राही.

फादर डोमिनिक मंगळूरकडचे होते. चाळिशीचे, सडपातळ. मराठी ते बायबल आणि धर्मशास्त्राच्या पुस्तकांतून शिकलेले, त्यामुळे ते साधी गोष्टही वेदीवरून सांगितल्यासारखी सांगत. नवा जिल्हा झाला म्हणून त्यांच्या वरिष्ठांनी लातूरला चर्च बांधायचं ठरवलं होतं. जोतं तयार होतं. पुढचं काम कलेक्टरच्या हुकमानं थांबलं होतं. बांधकामाला पाणी वापरायची बंदी होती. फादर एका मिलमालकाच्या मागच्या दोन खोल्यांत राहत आणि त्यांतल्या एकीत मिस्सा करत.

"त्या गावातली पेटी मी रविवारी रिकामी करणार आहे," ते म्हणाले. "तिथे वीस घरांची ख्रिस्तवाडी होती. आता तीन घरे उघडी आहेत. बाकीचे कामाच्या शोधात गेले. छपराची तुळई मोडली आहे. मजकडे जीपला तेल महिन्यातून एकदा असते. प्रभूला मी असे एकटे ठेवू शकत नाही, हा नियम आहे. मग दिवाही राहत नाही."

"गावाची हरकत?"

"गाव म्हणजे आता सालोमीबाई आणि तिचा पती याकोब मास्तर." फादर म्हणाले. "मास्तरांविषयी तुम्हांस सांगितले पाहिजे. ते चाळीस वर्षे धर्मशिक्षक होते. माझ्याआधीचे तीन फादर त्यांनी पाहिले. पोटात कर्करोग आहे. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले. त्यांचे घर चर्चच्या बरोबर समोर आहे. खाट दारात घातली आहे. चर्चचे दार उघडे ठेवले की खाटेवरून दिवा दिसतो. दिवसभर ते त्याकडे बघून असतात. इथे सिस्टरांकडे या म्हटले, तर येत नाहीत. म्हणतात, तो तिथे आहे तोवर मी इथे आहे."

"त्यांना रविवारचं सांगितलंत?"

"सालोमीबाईला सांगितले," फादर म्हणाले. "मास्तरांस कसे सांगावे हे मला अजून सुचलेले नाही."

मी विचारलं, की महिनाभर, मास्तर आहेत तोवर, दिवा तसाच जळू दिला तर काय होईल. फादरांनी माझा व्यवसाय माहीत असल्यासारखं उत्तर दिलं. "तुम्ही न घडलेली बातमी छापता का? दिवा ही साक्ष आहे. आत कोणी नसताना दिवा लावणे म्हणजे खोटी साक्ष. मास्तरांनीच हे शेकडो मुलांस शिकवले आहे."

दिव्याची किंमत आमच्यात ठरली. ती लातूरच्या चर्चच्या कामाला जाणार होती.

शनिवारी ते मला तेलाच्या घाण्यावर घेऊन गेले. मालक शिवाप्पा, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. ख्रिस्तवाडीच्या दिव्याला करडईचं तेल त्यांच्याकडून फुकट जाई. त्यांच्या वडिलांपासून ती पद्धत होती. पुढे तेल नको, हे सांगायला फादर आले होते.

"का? दिवा बंद?"

"बंद."

शिवाप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "हे कोण? बंद करणारे?"

"दिवा घेणारे," फादर म्हणाले.

"असं का. आमच्यात दुकान मोडलं तरी उंबऱ्यावर दिवा लावत्यात, फादर. तुमचा देव लई हिशेबी." मग त्यांनी माणसाला कॅन भरायला सांगितला. "न्या. दिव्याला न्हाई तर भाजीला घालतील. दुष्काळात तेल हाय आमच्याकडं, पाणी मागू नका."

औशाच्या पुढे

गावाचं नाव देत नाही. तिथली माणसं अजून आहेत.

रविवारी सकाळी फादरांच्या जीपमधून निघालो. औशाचा किल्ला उजवीकडे ठेवून पुढे डांबरी रस्ता सोडला. कच्च्या रस्त्यावर एक टायर बसलं. बदलताना फादर घामानं भिजले, तरी पाण्याच्या कॅनला त्यांनी हात लावला नाही; तो मास्तरांसाठी होता. आमच्या शेजारून जनावरांचा एक कळप छावणीकडे गेला. एवढी जनावरं चालत होती, पण धूळ उडण्याखेरीज कसला आवाज नव्हता. गळ्यातल्या घंटा काढून विकल्या होत्या, असं नंतर कळलं. पितळेच्या होत्या.

ख्रिस्तवाडी मूळ गावापासून थोडी बाजूला. मातीच्या भिंतींची दोन रांगांतली घरं, बहुतेकांना कुलपं किंवा काटेरी फांद्या लावलेल्या. टोकाला चर्च: दगडी भिंती, पत्र्याचं छप्पर, पुढे एक वाळलेला कडुनिंब. जीप थांबताच एक बाई बाहेर आली. साठीची, काटक, नऊवारी लुगडं, गळ्यात काळ्या पोतीऐवजी लहानसा क्रूस.

"जय येशू, फादर. या." मग माझ्याकडे बघून, "हे पुण्याचे का?"

"हो."

"बसा." तिनं मला बसायला पोतं दिलं. तिच्या आवाजात काही नव्हतं, राग नाही आणि अगत्यही नाही.

मास्तरांची खाट उंबऱ्याला लागून होती. अंगावर गोधडी, त्या उन्हात. चेहरा इतका सुकलेला, की कानच मोठे दिसत. डोळे उघडे होते. आमच्यावरून ते समोर गेले आणि तिथंच राहिले. मी वळून पाहिलं. चर्चच्या उघड्या दारातून, आतल्या काळोखात, लाल ठिपका स्थिर होता. वारा सुटला की रस्त्यावरची धूळ सरळ खाटेवर येई. सालोमीबाई पदरानं त्यांचं तोंड पुसत. दार बंद करायला त्या उठत नव्हत्या.

मी आत जाऊन दिवा पाहिला. नांदेडच्या दिव्याहून साधा, पण अखंड. तीन साखळ्या, वरच्या कडीपाशी वर-खाली करायची कप्पी, कोंदणाच्या खालच्या बाजूला कारखान्याची मोहोर. काच मूळची. उजेडाकडून पाहिली तर काठाशी गुलाबी आणि तळाशी जवळजवळ काळी. संग्रहासाठी इतका निर्दोष पेला मला मिळालेला नव्हता. हे मी तिथं उभं राहून नोंदवून ठेवलं.

बाहेर सालोमीबाई फादरांशी बोलत होत्या. हळू, खाटेवर ऐकू जाऊ नये म्हणून.

"मास्तर हायेत तवर राहू द्या, फादर. लई दिस न्हाईत त्यांचे. तुमाला बी दिसतंय."

"दिवा मी ठेवत नाही, सालोमीबाई. आणि प्रभूला मी ठेवू शकत नाही. बोललो आहे आपण."

"मग तुमी सांगा त्यास्नी. मी न्हाई सांगत."

फादरांनी मान हलवली. त्याचा अर्थ हो की नाही, ते मला कळलं नाही.

मिस्सेला सात माणसं होती. सालोमीबाई, इसाक नावाचा म्हातारा आणि त्याची बायको, एक विधवा आणि तिच्या दोन मुली, आणि मागे मी. गाणं सालोमीबाईंनी धरलं. मोडलेल्या तुळईला बाभळीचा टेकू दिला होता. फादर त्याला वळसा घालून वेदीकडे जात-येत. शेवटी त्यांनी पेटी उघडली, आतला चकत्यांचा पेला बाहेर काढला आणि लोक रांगेनं पुढे गेले. मी हे अनेक चर्चमध्ये पाहिलं आहे. प्रत्येकाच्या जिभेवर चकती ठेवतात आणि माणूस मान खाली घालून मागे फिरतो. इथंही तसंच झालं. मग फादर तोच पेला घेऊन रस्ता ओलांडून खाटेपाशी गेले. सालोमीबाईंनी मास्तरांची मान उचलून धरली. फादरांनी चकती ठेवली, वर दुसरी ठेवली, कॅनमधलं पाणी चमच्यानं दिलं, कपाळावर तेलाची खूण केली. मास्तरांनी डोळे मिटले. फादर बराच वेळ तिथं वाकून उभे राहिले. मला वाटलं, आता सांगतील. ते सरळ झाले आणि चर्चमध्ये परतले.

आत त्यांनी चकत्यांचा पेला पुसून पिशवीत ठेवला, पेटीचं दार उघडं टाकलं आणि दिव्याची वात चिमटीनं दाबली. धुराची एक रेघ वर गेली.

"झोपले आहेत," ते मला म्हणाले. "मला पुढच्या गावात एक बाप्तिस्मा आहे. उन्हे कलल्यावर तुम्हांस न्यायला येतो. कप्पी गंजली आहे, सावकाश उतरवा." जीपपाशी ते सालोमीबाईंना काही म्हणाले.  जीप गेली.

धूळ बसायच्या आत सालोमीबाई तेलाचा कॅन घेऊन चर्चमध्ये आल्या. मी शिडीवर होतो.

"उतरा," त्या म्हणाल्या.

मी उतरलो. त्यांनी पेल्यात तेल ओतलं, नवी वात लावली, काडी ओढली.

"बाई, फादरांनी..."

"फादर गेले. तुमी संध्याकाळी न्या. उद्या न्या. मास्तर उठून बघतील तवा ह्यो दिसाया पायजे. एवढंच हाय माझं." मग थोड्या वेळानं, "तुमी काय बोलू नगा त्यांच्यासमोर. तुमी पाव्हणे."

मी शिडी भिंतीला लावून ठेवली.

दुपारी त्यांनी मला जेवायला वाढलं. हमीच्या कामावर मजुरीत मिळालेल्या गव्हाची चपाती आणि तिळाची चटणी. चपाती जाड, कडा करपलेल्या. ज्वारी खाणाऱ्या हातांना गव्हाची सवय नव्हती. "भाकरी असती तर गोड लागली असती," त्या म्हणाल्या. "आमच्यात गहू म्हंजे सणाचा. औंदा रोजच सण हाय." त्या हसल्या नाहीत. हात धुवायला राख दिली.

मास्तर जागे झाले तेव्हा ऊन खाटेच्या पायापर्यंत आलं होतं. त्यांनी आधी समोर पाहिलं. दिवा होता. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वळवली. मी त्यांना पहिल्यांदा दिसलो असावा.

"कोन?"

"पुण्याचे पाव्हणे," सालोमीबाई म्हणाल्या. "चर्च बघाया आले."

"बघितलं?"

"बघितलं," मी म्हणालो.

"जुनं हाय." आवाज कोरडा, पण शब्द शिकवणाऱ्या माणसाचे, वेगवेगळे. "सालोमी, फादर गेले?"

"गेले. बाप्तिस्मा हाय म्हनले."

"आज माझ्या जिभंवर दोन ठेवल्या."

सालोमीबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी मागे पाहिलं नाही.

"तुला किती ठेवल्या?"

"मला न्हाई ध्यानात."

"दोन. इसाकच्या म्हातारीला बी दोन दिल्या असतील." ते थांबून श्वास घेत होते. "दोन कवा ठेवत्यात, सालोमी?"

त्यांनी चुलीत काटकी सारली.

"सांग की. वर्गात किती डाव सांगितलंया मी. पोरींच्या मागं बसून ऐकायचीस तू."

"अवं, पडून ऱ्हावा. बोलू नगा."

"पेटी रिकामी करताना," मास्तर म्हणाले. "उरल्यालं फेकायचं न्हाई, न्ह्यायचं नसंल तर हाय त्या मानसांत वाटून संपवायचं. म्हनून दोन." त्यांनी पुन्हा समोर पाहिलं. "पेटीचं दार उघडं हाय का?"

हा प्रश्न माझ्याकडे होता. पाहुण्यानं बोलू नये असं मला सांगितलेलं होतं. मी सालोमीबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

"उघडं आहे," मी म्हणालो.

"मग ह्यो कशाला जळतूय?"

"तुमच्यासाठी जळतूय!" सालोमीबाई एकदम ओरडल्या. "माझ्यासाठी जळतूय! तेल शिवाप्पानं दिलं, काडी मी लावली. फादरचं काय जातंय? देवाचं काय जातंय?"

मास्तर रागावले नाहीत. रागवायची ताकद असावी असं वाटत नव्हतं. "आपलं जातंय," ते म्हणाले. "जन्मभर पोरास्नी एकच सांगितलं म्या. तांबडा दिसला की गुडघा टेकायचा, न्हाई दिसला की फुडं जायाचं. कोनी वाटसरू येऊन गुडघा टेकील हितं, सालोमी. रिकाम्या डब्याफुडं." मग मला, "तुमी दिव्यासाठीच आलाव न्हवं? शिडी लावल्याली हाय भिताडाला. मला दिसती."

"हो."

"मग इझवा. आन् न्या."

मी सालोमीबाईंची वाट पाहिली.  चुलीतलं लाकूड बाहेर ओढून त्या त्यावर राख टाकत राहिल्या.

मी रस्ता ओलांडून चर्चमध्ये गेलो. वात दाबली. तेल कॅनमध्ये परत ओतलं, पेला पुसून धोतराच्या फडक्यात गुंडाळला, मग शिडीवर चढून कप्पी मोकळी केली. कडी गंजून बसली होती, वेळ लागला. साखळ्या, कोंदण आणि पेला पोत्यात भरून मी घराच्या दाराशी आलो. कॅन उंबऱ्यावर ठेवला.

मास्तरांची नजर अजून समोरच होती. चर्चच्या दारातून आता नुसता काळोख दिसत होता. वाऱ्याचा झोत आला आणि गोधडीवर मातीचा पातळ थर बसला. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

"सालोमी," ते म्हणाले, "दार लाव. धूळ येतीया."

त्या उठल्या. खाट उंबऱ्यावरून आत ओढायला एकटीला जमेना, म्हणून मी दुसऱ्या बाजूनं हात दिला. मग त्यांनी मला बाहेर व्हायची खूण केली आणि दाराच्या दोन्ही फळ्या लावून घेतल्या.